कॅलेंडरावरची शेवटची ओळ

आधीच सांगून ठेवते, मला दिसत नव्हतं असं काही नव्हतं. मला तुमच्यापेक्षा जास्तच दिसत होतं.

तुम्हाला चौकातला दिवा म्हणजे नुसता दिवा दिसतो. मला त्याला शेवंतीसारख्या पाकळ्या दिसायच्या. पहाटे डेअरीवर दूध घालायला निघालेल्या मोटारसायकली यायच्या, त्या माझ्यासाठी अंधारातून घरंगळत येणारे सोन्याचे गोळे होते. नदीकडच्या उसाला पानं नव्हती, तुरे नव्हते. तो एक हिरवा धूर होता आणि त्याच्यावर आणखी एक निळा धूर, म्हणजे आकाश. एवढं सुंदर आमचं मांडवगण गाव टाकून लोक पुण्याला खोल्या भाड्याने घेऊन का राहतात, हे मला खरोखर कळत नसे.

तोटे होते, पण किरकोळ. शाळेच्या फाटकाशी पांढऱ्या कपड्यात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांना मी एकदा वाकून नमस्कार केला, तर ती भिंतीला टेकवलेली युरियाची गोणी निघाली. गोणीने काही मनावर घेतलं नाही. पण मागून खरे मुख्याध्यापक येत होते, त्यांनी घेतलं. फळ्यावरचं मी शेजारच्या गौतमीच्या वहीतून उतरवायची. गौतमी माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, त्यामुळे ती तोंडावर बोलते.

"नीले, तुला दिसत न्हाई."

"दिसतं की गं. फक्त अक्षरं दिसत न्हाईत."

आणि फायदा किती मोठा होता ते ऐका. नववीपर्यंत मला स्टेजवर उभं केलं की समोरची तोंडं बघून माझ्या घशाचं वाळवण व्हायचं. दहावीत आले, तर समोर तोंडंच उरली नाहीत! नुसते रंगीत ठिपके, वाऱ्यावर हलणारे, जसा काही झेंडूचा मळा. झेंडूला कोण घाबरतं? मी हात उडवून, आवाज चढवून असं भाषण ठोकलं की शिरूर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. त्या वेळचा माझा फोटो आमच्या आप्पांच्या मोबाइलमध्ये आहे. त्यात माझं तोंड इतकं उघडं आहे, की बक्षीस पडजिभेला मिळालंय असं गौतमी म्हणते.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, हौसराव. त्यांना जगात दोनच गोष्टी आवडतात, सत्कार आणि फ्लेक्स. कोणाच्या पोराला नोकरी लागू दे, कोणाच्या बैलाने शर्यत मारू दे, चौकात फ्लेक्स आप्पांचा. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे अनुपमाताई. आमचं घर एकत्र, त्यामुळे ती माझी सख्ख्याहून सख्खी.

ताई पुण्याला ऑप्टोमेट्री शिकली. म्हणजे डोळे तपासायचे, नंबर काढायचा, चष्मा द्यायचा, आणि काही गडबड दिसली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. ऑपरेशन करणारे ते वेगळे. हे वाक्य तिने गावात इतक्या वेळा सांगितलंय की आता आमची म्हैससुद्धा ते रवंथ करते. आमच्या तालुक्याच्या या टोकाला असं कोणीच नव्हतं. डोळे तपासायचे तर भीमेचा पूल ओलांडून दौंडला जायचं, नाहीतर तळेगाव ढमढेरेच्या बाजारात गाड्यावरचे चष्मे लावून बघायचे. म्हणून ताईने डेअरीशेजारच्या आमच्याच गाळ्यात दुकान मांडलं. वर-खाली होणारी खुर्ची आली. भिंगांची मखमली पेटी आली, ती उघडली की आत चंद्रच चंद्र ओळीने बसलेले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आला.

सगळं आलं आणि ताईने खुर्चीवर चादर टाकली.

"राज्याच्या कौन्सिलची नोंदणी हातात येईपर्यंत मी कोणाच्या डोळ्यात बॅटरीसुद्धा मारणार नाही," ती म्हणाली.

"अगं, पण तू शिकलीस ना? तुला येतं ना?" मी विचारलं.

"येणं वेगळं. डिग्री म्हणजे मला येतं. नोंदणी म्हणजे माझं चुकलं तर जाब कोणाला विचारायचा, ते लोकांना माहीत असणं. डोळे लोकांचे आहेत, नीलू."

मला हे इतकं आवडलं की मी तिथल्या तिथे मनात पण केला. ताईची नोंदणी झाली की तिच्या खुर्चीवर बसणारी पहिली पेशंट मी असणार. माझा पहिला चष्मा तिच्या हातचा. आता अडचण अशी की मला लांबचं दिसत नाही हे तिला आधीच कळलं असतं, तर तिने मला कानाला धरून त्याच दिवशी दौंडला नेलं असतं. मग पहिला चष्मा दौंडचा! तेव्हा ते लपवणं भाग होतं. डोळ्यांचं शिक्षण घेतलेल्या माणसापासून, त्याच्याच घरात, डोळे लपवायचे. सोपं नाही. मी जवळ जाऊन तो तक्ता पाठ केला. वरून खाली, खालून वर, कवितेसारखा चाल लावून. ताई कधी सहज म्हणाली, "नीलू, तिथून शेवटची ओळ दिसते का गं?" की मी उंबऱ्यातून ठणकावून सांगायची, "न, र, प, ग, ट, ल!" ताई खूश. मी त्याहून खूश.

ताईचा अर्ज गेला आणि गावाचे सल्ले सुरू झाले.

"कौन्सिल म्हंजी निवडणूक असणारच," आप्पा म्हणाले. "त्याचा चेअरमन कोन हाय? कुनाच्या गटाचा हाय? एकदा कळू दे, मी बघतो."

"आप्पा, ते नेमलेले असतात."

"मग नेमनारा कुनाच्या गटाचा हाय?"

शेजारचे हरिबाआबा काठी टेकत यायचे आणि चादर घातलेल्या खुर्चीकडे बघत बसायचे. आबांच्या म्हशी चांगल्या, पण त्यांच्या दुधाला डेअरीत कधी फॅट लागत नाही, म्हणजे दूध पातळच निघतं. त्याचं खापर ते डेअरीच्या मशीनवर फोडतात.

"पोरी, चष्म्याला कसलं लायसन? म्या बाजारात धा लावून बघतो. ज्यातनं चष्मेवाला हसताना दिसतो त्यो घेतो."

"आबा, त्याने डोळे बिघडतात."

"बिघडलेलेच हायत की! बघ जरा, ह्या डाव्या डोळ्यात कायतरी हालतंय."

"नंबर आल्यावर बघीन, आबा."

"तोवर ते हालायचं थांबंल," म्हणून आबा रागाने निघून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

काकू, म्हणजे ताईची आई सोजराबाई, तिचं निराळंच. तिला ती खुर्ची रिकामी बघवायची नाही. ती दुपारी गपचूप त्या खुर्चीवर बसून लसूण सोलायची. ताईने एकदा पाहिलं आणि जी ओरडली! काकू म्हणाली, "मी डोळं कुठं उघडलं होतं? मिटूनच बसली व्हती."

असं चाललेलं असताना अर्ज परत आला. नाकारला नव्हता, 'त्रुटी' काढली होती. ताईने शेवटचं वर्ष दौंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात उमेदवारी केली होती. तिथल्या दाखल्यावर शिक्का होता, सही होती, पण सही करणाऱ्या डॉक्टरांचा स्वतःचा नोंदणी क्रमांक नव्हता. म्हणजे ताईला नंबर मिळायला आधी त्यांचा नंबर पाहिजे. डॉक्टर आता रोज येत नव्हते, आठवड्यातून एकाच दिवशी यायचे. ताई दौंडला निघाली. नाहीच भेटले तर खुटबावला मामांकडे राहीन आणि सकाळी त्यांच्या घरी जाईन, असं सांगून गेली. जाण्याआधी तिने भिंतीवरचा तक्ता उतरवून गुंडाळून कपाटात ठेवला. "मी नसताना कोणी वाचायला नको, उगाच दुकान चालू आहे असं वाटायला नको," असं ती काकूला म्हणाली. मी तेव्हा शाळेत होते. हे लक्षात ठेवा. मला कोणीही सांगितलं नाही.

आणि काकूला मोकळा खिळाही बघवत नाही.

दुपारी मी शाळेतून आले, तोच काकूच्या बटणांच्या फोनवर ताईचा फोन आला. आवाज घाईचा.

"नीलू, आप्पांनी चौकात माझा फ्लेक्स लावलाय म्हणे. मामांना कोणीतरी सांगितलं. पळत जा आणि बघ, माझ्या नावामागे 'डॉक्टर' नाही ना लिहिलेलं. मला ते लावता येत नाही. अर्ज तिथं पडलेला असताना हे कोणी पाहिलं ना, तर बोगस डॉक्टर म्हणून तक्रार होईल आणि चार वर्षं पाण्यात जातील. कळलं? नीट वाचून सांग."

मी पळाले. वाटेत मला फार छान वाटत होतं. केवढी जबाबदारी! चौकात पोचले आणि मान वर केली.

खरं सांगते, इतकं देखणं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. पोलीस चौकीपेक्षा उंच चौकटीवर गुलाबी ढग होता. त्यात सोनेरी ओढे वाहत होते. मध्यभागी एक मोठा केशरी सूर्य उगवत होता, तो बहुधा आप्पांचा फेटा असावा. खाली शुभेच्छुकांची लहान लहान तोंडं, जसे काही नदीकाठचे गोटे. अक्षरं? अक्षरंही असणार. कुठंतरी त्या ओढ्यांमध्ये पोहत असणार. मी डोळे बारीक केले, मोठे केले, पाय उंच केले. ढग हलला, पण बोलला नाही.

आता एखादीने विचारलं असतं कोणाला तरी, 'काय लिहिलंय हो?' पण तालुक्यात पहिली आलेल्या मुलीने भर चौकात असं विचारायचं? मी टपरीवाल्या नवनाथकाकांकडे गेले आणि अगदी सहज म्हणाले,

"काका, फ्लेक्स बरा झालाय ना?"

"बरा? एक नंबर झालाय!" चहा गाळत काका म्हणाले. "काय चूक काढायची सोय न्हाई."

झालं. चूक काढायची सोय नाही म्हणजे चूक नाही. मी घरी जाऊन फोन लावला. "ताई, एकदम बरोबर आहे. तू निवांत राहा." ताईने इतका मोठा श्वास सोडला की फोन गरम झाला. त्या दिवशी डॉक्टर भेटले नव्हते. ती खुटबावला मुक्कामी राहिली.

इकडे आप्पा शिरूरला मीटिंगला गेले होते आणि फ्लेक्सचा फोटो त्यांच्याकडे असलेल्या प्रत्येक ग्रुपवर टाकत होते. भावकीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, ऊस तोडणीचा ग्रुप. आप्पा एका अशाही ग्रुपमध्ये आहेत जिथे तालुक्याच्या आरोग्य खात्याच्या सूचना येतात. कोणीही तक्रार केली नाही. आप्पांनीच स्वतःच्या हाताने, हात जोडलेली तीन चित्रं लावून, तक्रार पोचवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि गौतमी शाळेला निघालो, तर दुकानासमोर एक पांढरा ढग थांबलेला. जवळ गेल्यावर त्याची जीप झाली. तालुक्याचं बोगस डॉक्टर शोधणारं पथक आलं होतं. एक साहेब आणि त्यांच्याबरोबर दोघं. साहेबांचा आवाज थंड, न शिजलेल्या तांदळासारखा.

"डॉक्टर अनुपमा कोण?"

तेवढ्यात दौंडकडची जीप थांबली आणि ताई उतरली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दाखला. पहाटेच डॉक्टरांच्या घरी जाऊन ती सही आणि नंबर घेऊन आली होती. ती चौकातूनच आली होती. म्हणजे तिने तो फ्लेक्स बघितला होता. ती साहेबांकडे जायच्या आधी माझ्यासमोर उभी राहिली.

"नीलू, काल तू फ्लेक्स वाचलास?"

"हो."

"म्हशीएवढं 'डॉ.' आहे त्यावर."

माझ्या पायाखालचा रस्तासुद्धा धूसर झाला. तो तसा आधीपासूनच होता म्हणा.

"मी अनुपमा," ताई साहेबांना म्हणाली. "पण मी डॉक्टर नाही. ते वडिलांनी लावलंय."

वडील तेवढ्यात शाल, श्रीफळ आणि माझे पप्पा यांना घेऊन पोचले. आप्पांची समजूत अशी की साहेब दुकानाला शुभेच्छा द्यायला आलेत.

"साहेब, पोरगी लाजती. या, या. आधी सत्कार."

"अहो, आम्ही कारवाईला आलोय."

"कारवाई करा की! कोन न्हाई म्हंतंय? आधी सत्कार, मग कारवाई." आणि आप्पांनी शाल टाकलीसुद्धा. साहेबांनी ती काढली, आप्पांनी पुन्हा टाकली. शेवटी ती शाल साहेबांच्या एका खांद्यावर राहिली आणि पुढचं सगळं त्यांनी त्याच अवस्थेत विचारलं.

"नोंदणी क्रमांक?"

"अर्ज केलाय. ही त्रुटी होती, ती आज पूर्ण होतेय."

"म्हणजे नंबर नाही. खुर्ची आहे, भिंगं आहेत, चौकात जाहिरात आहे. आणि पेशंट एकही तपासला नाही, असं तुमचं म्हणणं."

"नाही तपासला."

"पुरावा?"

आता बघा, एखादी गोष्ट केली याचा पुरावा देता येतो. केलीच नाही याचा पुरावा माणूस कुठून आणणार? ताईचा आवाज बारीक झाला. तिने पिशवीतला दाखलाच पुन्हा पुढे केला.

हरिबाआबा मदतीला धावले. "साहेब, म्या सांगतो. रोज येतो डोळा दाखवाया. ही पोरगी दारातनं घालवती. लई उर्मट हाय. कुनाला बी हात लावत न्हाई."

"आजोबा, तुम्ही यांचे कोण?"

"भावकीतला."

"मग तुमची साक्ष चालणार नाही."

"का न्हाई? भावकीतला मानूस चांगलं बोलतोय, हे कवा बघितलंय का तुमी?" आबा भडकले. पण साहेब तोवर खाली बघून लिहायला लागले होते.

ते लिहितायत म्हणजे ताईचं सगळं संपतंय, एवढं मला कळलं. आणि माझ्यातली तालुक्यात पहिली आलेली मुलगी उठली.

"साहेब! मी साक्षीदार आहे. मी रोज इथंच असते. ताईने कोणालाही तपासलेलं नाही, हे मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय."

"तूही घरातलीच ना? बरं, डोळे चांगले आहेत का तुझे?" साहेबांनी सहज विचारलं असावं. पण मी पेटले होते.

"एकदम! इथून, या पायरीवरून, तक्त्याची शेवटची ओळ वाचून दाखवते." मी भिंतीकडे हात केला. खिळ्यावर पांढरं चौकोनी काहीतरी होतं. "न! र! प! ग! ट! ल!"

स्पर्धेत जसा शेवट केला होता तसाच हात वर नेऊन थांबवला.

साहेबांची मान भिंतीकडे वळली.

"ही शेवटची ओळ?" साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"आणि सगळ्यात वरची?"

"क! मोठा क!"

मागे गौतमीच्या तोंडातून नळ सुटल्यासारखा आवाज आला. साहेबांनी पेन खिशाला लावलं.

"बाळ, ते डेअरीचं कॅलेंडर आहे. तू ज्याला क म्हणतेस ती म्हैस आहे."

मग माझा झेंडूचा मळा हसला. सगळाच्या सगळा. हसताना तो इतका गदागदा हलत होता, की एरवी मला ते फार सुंदर वाटलं असतं. मला कानांपर्यंत गरम व्हायला लागलं. पळून जावं, त्या हिरव्या धुरात शिरावं आणि तिकडेच राहावं, असं वाटलं. पण धूर कुठूनही सारखाच लांब होता. आणि त्या सगळ्या हसण्यात एक जागा अशी होती जिथून हसणं येत नव्हतं. तिथे ताई होती.

"साहेब," मी म्हणाले. भाषणाचा आवाज निघेना, माझा साधाच निघाला. "हाच पुरावा. मला लांबचं काही दिसत नाही. कधीपासूनच नाही. मी ताईच्याच घरात राहते, तिच्या ताटात जेवते. ती कोणालाही तपासत असती, तर सगळ्यात आधी तिने मला तपासलं नसतं का? तिच्या घरातली पोरगी म्हशीला क म्हणते, साहेब. आणखी काय पाहिजे?"

हसणं थांबलं. कुठंतरी एक दुधाचा कॅन खाली ठेवल्याचा आवाज झाला.

ताई जवळ आली. तिने माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड उजेडाकडे वळवलं. इतक्या जवळून ती मला नीट दिसली. तिचे डोळे भरले होते.

"म्हणजे काल फ्लेक्स..."

"नुसता ढग दिसला."

"आणि तक्ता?"

"पाठ केला होता."

"सांगितलं का नाहीस गं, वेडे?"

"तू दौंडला नेलं असतंस. मला तुझ्याच खुर्चीवर बसायचं होतं. पहिलं."

कपाटात चंद्रांची पेटी होती, हात लांब केला की मिळेल एवढ्यावर. ताईचा हात तिकडे गेलासुद्धा. मग तिने तो मागे घेतला आणि माझ्या केसांवरून फिरवला. साहेब बघत होते.

"लिहा," ते बरोबरच्यांना म्हणाले. "व्यवसाय सुरू असल्याचं आढळलं नाही. खुर्चीवर चादर, भिंतीवर म्हैस. फ्लेक्सवरचं 'डॉ.' आजच्या आज काढावं. आणि ते कधीही लावू नये, नंबर आला तरी."

"साहेब, पुरं 'डॉ.' काढायचं?" आप्पा कळवळले. "निदान टिंब ठिवू का?"

साहेब शाल खांद्यावर ठेवूनच जीपमध्ये बसले. सत्कार पूर्ण झाला, असं आप्पा आजही सांगतात.

ताईने मला बजावलं, दिवाळीपर्यंत नोंदणी आली नाही तर सरळ दौंड, पण-बिण काही ऐकणार नाही. मीही कबूल झाले. फ्लेक्सचं आप्पांनी काय केलं ते मला नीट कळलं नाही. अख्खा फ्लेक्स उतरवायला त्यांचं मन होईना, म्हणून त्यांनी 'डॉ.'च्या जागेवर काहीतरी चिकटवलं. मला खालून तिथे लालसर गोल दिसायचा. मी समजले, झेंडूचं फूल असेल. छान दिसत होतं. येता-जाता लोक फ्लेक्सकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि हसायचे. मला वाटलं, माझ्या भाषणाचं कौतुक चाललंय. मीही मान तुकवून नमस्कार करायची.

दिवाळीच्या आधी नोंदणी आली. ताई अंगणात फोन हातात धरून नुसती उभी राहिली. काकूने तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि फोनवरूनही ओवाळल्या. आप्पांनी उद्घाटन ठरवलं. माईक आला, खुर्च्या आल्या. ताईने अट घातली, पाटीवर नाव, डिग्री आणि नोंदणी क्रमांक, एवढंच. आप्पा म्हणाले, "मग वाचायचं काय लोकांनी?"

पण उद्घाटनाच्या आधी, दिवेलागणीला, ताईने खुर्चीवरची चादर काढली.

मी बसले. खुर्ची हळूच वर गेली. भिंतीवर नवा तक्ता होता, मला पाठ नसलेला. शेजारच्या खिळ्यावर म्हैस होती, कारण काकू तिला हलवू देईना. ताईने माझ्या नाकावर जड लोखंडी चौकट ठेवली आणि पेटीतला एकेक चंद्र त्यात सोडायला लागली. टक. "हे बरं की हे?" टक. "आता?" आधी धूर विरळ झाला. मग त्यात रेघा आल्या. रेघांची अक्षरं झाली. मला थोडं वाईट वाटलं. कोणीतरी माझं स्वप्न घडी घालून ठेवतंय, असं काहीतरी.

"ही चौकट लावून जरा बाहेर फिरून ये," ताई म्हणाली. "गरगरतंय का बघ. असंच करतात."

मी बाहेर आले. चौकातला दिवा लागला होता. त्याला पाकळ्या नव्हत्या. एक मळका बल्ब होता आणि त्याभोवती किडे होते. मी चौकट किंचित वर केली, शेवंती उमलली. खाली केली, बल्ब. वर, खाली. म्हटलं, म्हणजे शेवंती कुठं गेलेली नाही.

मग मी फ्लेक्स बघितला.

गुलाबी ढगात लिहिलं होतं 'अनुपमा हौसराव'. आणि त्याच्या आधी, 'डॉ.'च्या जागेवर, म्हशीएवढ्या आकाराचं माझं तोंड होतं. स्पर्धेतलं. उघडं. पडजिभेसकट. सबंध गाव इतके दिवस त्याच्याखालून जात होतं आणि मी नमस्कार करत होते!

"आप्पा!" मी किंचाळले.

"ती बघा आली आमची वक्ता," आप्पा माईकवर म्हणाले. "आता नीलम दोन शब्द बोलंल." आणि त्यांनी मला त्याच पायरीवर उभं करून माईक हातात दिला.

समोर झेंडू नव्हते. माणसं होती. नवनाथकाकांच्या मिशीला चहा लागला होता. गौतमीची एक वेणी सुटली होती आणि ती ओठ दाबून हसू आवरत होती. हरिबाआबांच्या तोंडावर इतक्या सुरकुत्या असतील, याची मला कल्पना नव्हती. सगळे माझ्याकडेच बघत होते आणि ते बघताना मला दिसत होते. घसा वाळला. पाठ केलेलं भाषण गेलं कुठल्या कुठं. हात आपोआप चौकटीकडे गेला. काढली की पुन्हा झेंडू.

दारात ताई उभी होती. तिच्यामागे, खुर्चीच्या वर भिंतीला, काचेच्या चौकटीत तिचं नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. मी हात खाली घेतला.

"माझं भाषण नाही," मी म्हणाले. "मी नुसतं वाचून दाखवते." आणि पायरीवरून मी ताईचा नोंदणी क्रमांक पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत वाचला.

टाळ्या पडायच्या आत हरिबाआबा काठी आपटून म्हणाले, "पाठ केलं आसंल! हिचा काय भरवसा न्हाई. त्ये दुसरं वाच. त्ये म्हशीचं."

मी कॅलेंडराकडे वळले. म्हैस स्वच्छ दिसत होती, एका शिंगाला बाक असलेली. तिच्याखाली तारखा. तारखांच्या खाली, अगदी तळाला, लाल अक्षरांत शेवटची ओळ होती. ती मी पाठ केलेली नव्हती. ती मी वाचली, माईकवर, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी.

"दुधात पाणी घालणाऱ्या सभासदांची नावे डेअरीच्या फळ्यावर लावण्यात येतील."

इतक्या लांबून एखादं माणूस लाजताना मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. हरिबाआबा कानापासून टकलापर्यंत तांबडे होत गेले. त्यांनी काठी उचलली आणि गर्दीतून वाट काढत निघाले.

"ह्या पोरीला दिसत नव्हतं," ते नवनाथकाकांना म्हणाले, "तवाच बरं चाललं व्हतं गावाचं."